रात्रीची लाईन आणि दिवसाची झोप

ताईंनो, या महिन्याचा पाठ आरोग्याचा आहे. नेहमीप्रमाणे एकीने मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा. ऐकताना एखादी पेंगली तर तिला हसू नका, रागावू तर नकाच. मी रागावले होते, म्हणून आधी तीच गोष्ट सांगते.

पौषातली बैठक होती. बचत गोळा झाली, अंतर्गत कर्जाचे हप्ते आले, आणि हिशेब जुळेना. अकराशे रुपयांचा फरक. अर्धा तास शोधल्यावर कळलं की एकीचा हप्ता दुसरीच्या नावावर मांडला गेलाय. वही लिहिणारी आमची ताई हिशेबाला पक्की. सहा वर्षांत तिच्या वहीत खाडाखोड नाही. मी सगळ्यांसमोर तिला बोलले, "लक्ष कुठं असतं तुमचं?" ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पाच राती झाल्या ताई. रातची लाईन हाये. हे पाइपा बदलतेत, मी ब्याटरी धराले जातो. सकाळी आलं का सयपाक, पोरायचे डबे, मंग वावर. डोळ्याले डोळा कधी लावू?"

त्यावर मला उत्तर सुचलं नाही. त्या दिवशी बैठकीत चौदाजणी होत्या. रात्रीच्या लाईनमुळे घरातली झोप कोणाकोणाची मोडते, असं विचारलं तर अकराजणींनी हात वर केला.

'शिफ्ट ड्युटी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुण्याची कंपनी येते, नाहीतर दवाखान्यातली नर्स. पण शेतीपंपाची लाईन काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते, तेव्हा नेर तालुक्यातलं ओलिताचं प्रत्येक घर शिफ्टमध्येच काम करत असतं. फक्त त्याला पगार नाही, हजेरी नाही आणि रात्रपाळीनंतरची सुट्टीही नाही. हरभऱ्याला, गव्हाला स्प्रिंकलर लावला तर दर काही तासांनी पाइप उचलून दुसरीकडे मांडावे लागतात. मोबाइलवरून मोटर चालू-बंद करायचं यंत्र पुष्कळांनी बसवलंय, पण पाइप काही मोबाइलवरून हलत नाहीत. त्यात जागल आहेच. रानडुकरं आणि रोही पिकात घुसू नयेत म्हणून कोणीतरी मचाणावर रात्र काढायची. जिनिंगचा हंगाम, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, रोडवरचे पेट्रोलपंप, होमगार्ड, आणि बाळंतपणाच्या केससोबत अपरात्री निघणाऱ्या आपल्या आशाताई, ही सगळी माणसं जग झोपतं तेव्हा जागी असतात.

आता हे जागणं शरीराला इतकं जड का जातं ते पाहू. "दिवसा झोपून घ्या ना, तेवढेच तास," असं सांगणारे खूप भेटतात. पण तास तेवढेच असले तरी झोप तेवढी होत नाही, कारण आपल्या आत एक घड्याळ आहे.

चिंचेचं झाड संध्याकाळी पाहिलंय ना? पानं मिटून घेतं आणि सकाळी उघडतं. आपल्याला वाटतं ऊन गेलं म्हणून मिटली. १७२९ साली फ्रान्समधल्या द मेराँ नावाच्या शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं एक झाड अंधाऱ्या जागी ठेवून पाहिलं. तिथे ऊन नव्हतंच, तरी पानं दिवसाच्या वेळी उघडत होती आणि रात्रीच्या वेळी मिटत होती. म्हणजे वेळ झाडाच्या आतच होती. माणसाचंही तसंच. डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी मज्जापेशींचा एक बारीकसा पुंजका आहे, तो सगळ्या शरीराची वेळ राखतो. पेशीपेशीत हे घड्याळ कसं चालतं ते शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं.

या घड्याळाला चावी देतो तो उजेड. अंधार पडला की मेंदू मेलाटोनिन नावाचा रस सोडतो आणि शरीराला रात्र झाल्याचा निरोप जातो. अंग हळूहळू थंड होत जातं, आणि पहाटे तीन ते पाचच्या सुमारास सगळ्यात थंड असतं. आपण जिला साखरझोप म्हणतो ती याच वेळची. नेमक्या त्या वेळी आपला माणूस ओल्या बांधावर उभा राहून पाइप ओढत असतो. शरीर ओढतं झोपेकडे, काम ओढतं वावरात. सकाळी आठला तो अंथरुणावर पडतो, तेव्हा आतलं घड्याळ म्हणतं, दिवस उजाडला, ऊठ. मग तीन-चार तासांत डोळा उघडतो आणि पुन्हा लागत नाही.

घड्याळ सरकतं, पण सावकाश, साधारण दिवसाला एक तास. रात्रीच्या कामाची पूर्ण सवय व्हायला आठवडाभराहून जास्त काळ लागतो. आपली लाईन त्याआधीच बदललेली असते. म्हणून "इतकी वर्षं जागतो, आता सवय झाली" हे खरं नसतं. सवय होते ती झोपेशिवाय रेटायची.

रेटण्याची किंमत काय? सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाची तपासणी केली तेव्हा त्याचे हात आणि डोकं, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतके मंद निघाले. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याने ०.०३ टक्क्यांपर्यंतच सूट आहे. म्हणजे सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री बारा वाजता स्टार्टरच्या पेटीत हात घालतो, तेव्हा तो न पिताही प्यायल्यासारखा असतो. ओले हात, अंधार, पायाखाली साप आहे की पाइप हे न कळणं, परतताना मोटरसायकलवर लागणारी डुलकी. मी माझ्या घरातलं सांगते. माझे मालक एकदा पहाटे आले ते हाताला पोळून. मेन बंद न करताच फ्यूज काढायला गेले होते. वीस वर्षं मोटर चालवणारा माणूस. "मी बंद केलं असंच मले वाटलं," एवढंच म्हणाले. जीव वाचला, पण दोन बोटांची कातडी गेली.

आणखी एक, आपल्या जिल्ह्यापुरतं. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने इथे काय झालं ते कोणी विसरलेलं नाही. त्या घटनांचा झोपेशी संबंध मी जोडत नाही. पण रात्रभर ओलित करून सकाळी पाठीवर पंप घेणाऱ्याचं मास्ककडे, वाऱ्याच्या दिशेकडे, औषधाच्या मापाकडे किती लक्ष राहील? रात्रीच्या लाईननंतरच्या दिवशी फवारणी नको, असं आमच्या गटाने ठरवून टाकलंय.

वर्षानुवर्षं असं चाललं तर बीपी, शुगर, वजन, पित्त यांचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलं आहे, आधी २००७ मध्ये आणि पुन्हा तपासून २०१९ मध्ये. घाबरवायला हे सांगत नाही. 'झोपच तर आहे' म्हणून सोडून देण्याची ही गोष्ट नाही, एवढंच.

आपल्या महाराष्ट्राला हे दुखणं नवीन नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत आधी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. विजेचे दिवे आले आणि रात्रसुद्धा कामाची झाली. आपल्या वऱ्हाडचा कापूस, कोकण-घाटावरची माणसं आणि पाळीपाळीने चालणारे साचे. चाळीतल्या एकेका खोलीत इतके कामगार राहत की एका पाळीची माणसं कामावर गेली की दुसऱ्या पाळीची माणसं त्याच जागेवर आडवी होत. विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे हे ठणकावून सांगणारे नारायण मेघाजी लोखंडे महात्मा फुल्यांचे सहकारी. त्यांच्या प्रयत्नाने १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आपण आज रविवार म्हणतो तो असा भांडून मिळालेला आहे. आणि त्या कामगारांना पाळीप्रमाणे जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया कधी झोपत असतील? त्याच बायांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आपल्या बचत गटांची ती मोठी बहीणच.

मुंबईत निदान पाळी संपल्याचा भोंगा वाजायचा. घरच्या बाईसाठी तो कधीच वाजत नाही. रात्रीची लाईन असेल तर नवरा सकाळी झोपतो, आणि झोपायलाच हवं. पण सोबत जागलेली बाई चूल पेटवते. सोबत गेली नसेल तरी घरी जागीच असते. एकटे आहेत, फोन लागत नाही, अजून आले नाहीत. म्हणून पुढे जे लिहिते ते दोघांसाठी आहे, फक्त त्यांच्यासाठी नाही.

रात्री जायचं असेल तर संध्याकाळी तास-दीड तास झोपून घ्या, अंधार पडायच्या आत झोप आली नाही तरी नुसतं पडा. आधीची ही झोप खूप कामाची आहे. रात्री मध्येच भरपेट जेवू नका. जायच्या आधी जेवा आणि मध्ये भाकरीचा तुकडा, फुटाणे असं हलकं खा. एकट्याने जाऊ नका. शेजारच्या वावराची लाईनही तीच असते, तर दोन घरांनी मिळून जायचं आणि एकाने दोन तास मचाणावर पडायचं, मग दुसऱ्याने. आमच्याकडे चार घरांनी असं केलं तेव्हा बायांचं ब्याटरी धरायला जाणं आपोआप कमी झालं. मला वाटतं या पाठातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच.

घरी येताना सकाळचं कोवळं ऊन डोळ्यांत घेऊ नका. तेच ऊन घड्याळाला 'दिवस झाला' सांगतं. डोक्यावरून दुपट्टा पुढे ओढा, माणसांनी टोपी खाली घ्या (गाडीवर असाल तर अर्थातच रस्ता दिसेल इतपतच). घरी आल्यावर हातपाय धुऊन, थोडं खाऊन लगेच पडा. "हे एवढं काम करून झोपतो" म्हटलं की झोप गेली. खिडकीला गोधडी लावा. टिनाच्या घरात दुपारी भट्टी होते, तेव्हा सगळ्यात थंड कोपरा झोपणाऱ्याला द्या. डोळ्यांवर काळा कपडा, कानात कापसाचा बोळा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. दिवसा सलग सात तास मिळणार नाहीत हे मान्य करा. सकाळी चार तास आणि दुपारी किंवा संध्याकाळी दोन-तीन तास, अशी तुकड्यांची झोपही चालते. त्यातला एक तुकडा मात्र रोज ठरल्या वेळीच घ्या, लाईन कोणतीही असो.

आणि जो झोपला आहे त्याला उठवायचं नाही. हे लिहायला सोपं आहे. पाहुणा येतो, "झोपले का? दिवसा?" असं विचारतो, आणि आपणच ओशाळून त्यांना उठवतो. बाई दिवसा झोपली तर मग विचारूच नका. सासू काही बोलत नसेल, पण भांडी जोरात आपटतात. आमच्या गटातल्या एका सासूबाईंनी मात्र दाराला साखळी लावून बाहेर बाज टाकली आणि येणाऱ्याला सांगत बसल्या, "सून रातपाळीची हाये, चारले या." त्यांचं नाव इथे छापलेलं त्यांना आवडणार नाही, पण गावात सगळ्यांना माहीत आहे.

आता चहा आणि खर्रा. चहातली तरतरी पाच-सहा तास अंगात राहते. रात्री बारापर्यंत चहा घ्या, काही हरकत नाही. पहाटे चारला घेतलेला चहा सकाळची झोप खातो. खर्ऱ्याचं तर काय बोलावं. जागायला म्हणून चघळायचा, मग तोच झोपू देत नाही, कारण तंबाखू मेंदूला जागवते. वर तोंड उघडेनासं होतं ते वेगळं. "थोडी घेतली की मस्त झोप लागते" हेही अर्धंच खरं आहे. दारूने डोळा लवकर लागतो, पण झोप उथळ होते, मधेच मोडते, घोरणं वाढतं.

झोपेच्या गोळ्यांबद्दल मला काळजी वाटते. शेजारणीची चिठ्ठी दाखवून गोळी आणलेल्या दोघी मला माहीत आहेत. या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे, आणि ती उगाच नाही. सवय लागते, मात्रा वाढते, दुसऱ्या दिवशी डोकं जड राहून पडझड होते. आणि बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम सोडली तर त्रास उलटतो. कोणी घेत असेल तर लाज न वाटू देता डॉक्टरांना सांगा, ते हळूहळू कमी करून देतात.

आता लाईनचा काही संबंध नसतानाही झोप येत नाही, अशा बाया गटात आहेत. आठवड्यातून तीन रात्री तरी झोप न येणं आणि तीन महिने हे चालणं, याला डॉक्टर जुना निद्रानाश म्हणतात. त्याला कारणं असतात. पाळी जायच्या वयात रात्री अंगातून वाफा निघतात, घाम येतो. अंगात लोह कमी असेल तर काहींचे पाय रात्री शिवशिवतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही. आपल्यात रक्त कमी असलेल्या बाया किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. घोरता घोरता श्वास थांबून दचकून उठणारा माणूस घरात असेल तर त्याला डॉक्टरकडे न्या. आपल्या नेरच्या ग्रामीण रुग्णालयापासून सुरुवात करा, गरज पडली तर तिथून यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला पाठवतात.

आणि कारण काहीच सापडलं नाही तर? मग सवय मोडावी लागते. अंथरुणावर वीसेक मिनिटं तळमळलात की उठा. मंद उजेडात वाती वळा, लसूण सोला, झोप आली की परत या. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेवा. पहिला आठवडा वाईट जातो, पुढे फरक पडतो. डॉक्टरही आता गोळीच्या आधी हेच शिकवतात.

एक गोष्ट बारकाईने ऐका. पहाटे तीनला जाग येते आणि मग कर्ज, हप्ते, पोरीचं लग्न असं डोक्यात फिरत राहतं, कशातच मन लागत नाही, जेवण जात नाही, आणि हे दोन आठवडे चाललंय, तर तो झोपेचा आजार राहिला नाही, मनाचा झाला. आपल्या जिल्ह्यात याकडे दुर्लक्ष परवडत नाही. 'टेलीमानस'चा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवा.

पुण्याला, बुटीबोरीला कंपनीत गेलेल्या पोरांचे फोन येतात, तेव्हा "जेवला का?" विचारतो तसं "झोपला का?" हेही विचारा. आता मुलीही रात्रपाळी करतात. १९४८ च्या कारखाना कायद्यात बायांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात काम करायला बंदी होती. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुरुस्ती करून सुरक्षेच्या अटी घालून मोकळीक दिली. दर आठवड्याला पाळी बदलत असेल तर सकाळ, मग दुपार, मग रात्र असा क्रम शरीराला सोपा जातो, उलटा क्रम जड जातो. सुपरवायझरला हे विचारता येतं, पोरांना सांगा.

खरा इलाज मात्र दिवसा पाणी देता येणं हाच. वाहिन्या सौर विजेवर आणून शेतीला दिवसा लाईन द्यायची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. स्वतःचा पंप हवा असेल तर 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीसाठी पाच टक्के. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. हा हिस्सा भरायला गटातून अंतर्गत कर्ज मागितलं तर माझं मत आहे की शेळीच्या कर्जाआधी ते मंजूर करा. सातबारावर बाईचं नाव असेल तर अर्ज तिच्याच नावाने करा.

पुढच्या बैठकीपर्यंत एक काम. वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखा: तारीख, लाईन दिवसाची की रात्रीची, नवऱ्याची झोप किती तास, आपली किती तास. चौदा दिवस भरा. खरं लिहा, चांगलं दिसावं म्हणून वाढवू नका. मी माझी आठवडाभर भरली आहे. त्यांची साडेपाच, माझी सव्वाचार. बैठक आपण दुपारी दोनऐवजी साडेचारला घेत आहोत, वही लिहिणाऱ्या ताईंनी तसं सुचवलं आहे.